नायट्रोजन की साधी हवा? दुचाकीच्या टायरचा खरा हिशेब

टायरच्या दुकानात आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवर आता दोन नळ्या दिसतात. एक साध्या हवेची, दुसरी नायट्रोजनची. साधी हवा पंपावर फुकट मिळते. नायट्रोजनला दुचाकीच्या एका चाकामागे साधारण दहा-वीस रुपये घेतात. रक्कम किरकोळ, त्यामुळे बहुतेक जण फार विचार न करता ‘भर’ म्हणतात, नाहीतर तितक्याच सहज ‘नको’ म्हणतात. पण टायरमधल्या हवेचा प्रश्न दुचाकीवाल्यासाठी किरकोळ नाही. कारचं एक चाक बसलं तर बाकीची तीन गाडी सावरून धरतात. दुचाकीला तशी सोय नाही. तिचं प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते तळहाताहूनही लहान जागेवर. ब्रेक, वळण, पावसातली पकड असं सगळं तेवढ्याशा रबरावर अवलंबून असतं, आणि त्या रबराचा आकार आतला दाब ठरवतो.

म्हणून उत्तर आधी देतो. रोज ऑफिसला, कॉलेजला किंवा बाजारात जाणाऱ्या दुचाकीसाठी नायट्रोजनवर पैसे खर्च करण्याची गरज नाही. भरला तर नुकसान काही नाही, फायदा थोडासा आहे. मात्र ‘नायट्रोजन आहे, आता हवा बघायला नको’ असं मनात बसलं, तर तो थोडा फायदा जाऊन मोठा धोका उभा राहतो. हे असं का, ते आता सविस्तर सांगतो.

आपण श्वासात घेतो त्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. २१ टक्के ऑक्सिजन, आणि उरलेल्या एका टक्क्यात आर्गॉन व इतर वायू. शिवाय बाष्प, जे ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं. दुकानातलं नायट्रोजनचं यंत्र हीच बाहेरची हवा आत ओढतं, तिच्यातला बराचसा ऑक्सिजन आणि ओलावा वेगळा काढतं, आणि साधारण ९३ ते ९५ टक्के नायट्रोजन असलेला कोरडा वायू देतं. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते ७८चे ९५ करण्यासाठी आणि कोरडेपणासाठी. फायद्याचे सगळे दावे या दोन गोष्टींतूनच निघतात, त्यामुळे तपासायच्याही याच दोन.

पहिला आणि सर्वांत खरा दावा असा की नायट्रोजन टायरमधून हळू झिरपतो. रबर घट्ट दिसलं तरी वायू त्यातून अगदी सावकाश आरपार जातो. ट्यूबच्या आणि ट्यूबलेस टायरच्या आतल्या थरासाठी ब्युटिल जातीचं रबर वापरतात ते याचसाठी, कारण त्यातून वायू कमी निसटतो. तरीही ऑक्सिजन या रबरातून नायट्रोजनच्या साधारण तीन-चार पट वेगाने बाहेर पडतो. ऑक्सिजनचं प्रमाण २१ वरून ५ टक्क्यांवर आणलं, तर रबरातून होणारी एकूण गळती पाव ते एक तृतीयांशाने कमी व्हायला हवी, असं गणित सांगतं.

हे गणित प्रत्यक्षात तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या नियतकालिकाने कारच्या ३१ प्रकारच्या टायरांवर चाचणी घेतली. काहींत साधी हवा, काहींत नायट्रोजन, दाब ३० पीएसआय, आणि सगळे टायर वर्षभर नुसते ठेवून दिले. वर्षाअखेर साध्या हवेच्या टायरांचा दाब सरासरी ३.५ पीएसआयने उतरला होता, नायट्रोजनच्या टायरांचा २.२ने. पंपावर आपण ‘पुढं पंचवीस, मागं बत्तीस’ म्हणतो तो आकडा पीएसआयचाच. तेव्हा फरक पडला, पण वर्षभरात सव्वा-दीड पॉइंटचा. पंपावरच्या दोन मीटरांमध्येच याहून जास्त तफावत सापडते.

आणि ते टायर स्थिर होते. रस्त्यावरच्या दुचाकीची हवा उतरण्याची कारणं निराळी आणि जास्त आहेत. व्हॉल्व्हमधली पिन सैल होते किंवा तिच्यात कचरा अडकतो. खड्ड्यात आदळून ॲलॉयची कड वाकते आणि ट्यूबलेस टायर तिथून हळूहळू हवा सोडतो. जुन्या पंक्चरला लावलेली पट्टी झिरपते. बारीक तार किंवा काच घुसून बसलेली असते आणि दिवसाला एखादा पॉइंट खाते. या गळतीला वायूशी देणंघेणं नसतं. भोकातून नायट्रोजनही तितक्याच मुकाट्याने निघून जातो. दुचाकीच्या टायरमध्ये मुळात वायूच कारच्या मानाने फार थोडा मावतो, त्यामुळे तेवढ्याच गळतीने दाब कितीतरी भराभर घसरतो. महिन्याला एक-दोन पॉइंट जाणं दुचाकीत नेहमीचं आहे. नायट्रोजनने त्यातला फार तर अर्धा पॉइंट वाचेल. हवा तपासायचा तुमचा दिवस त्याने काही आठवड्यांनी पुढे सरकतो असं समजू नका.

दुसरा दावा मला जास्त बोलण्यासारखा वाटतो, कारण त्याचा एक भाग चूक आहे आणि एक भाग अगदी बरोबर. दावा असा: नायट्रोजन उन्हात फुगत नाही, त्यामुळे टायर थंड राहतो आणि फुटत नाही.

वायू तापला की त्याचा दाब वाढतो, आणि टायरमधल्या दाबाला नायट्रोजनसाठी वेगळा नियम नाही. समजा पहाटे २५ अंशांवर टायरमध्ये २९ पीएसआय आहेत. दुपारी चालून टायरमधला वायू ५५ अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण ३३च्या थोडा वर जातो. कोरडी हवा असो वा नायट्रोजन, हा आकडा बदलत नाही. दर सहा-सात अंशांमागे साधारण एक पॉइंट, हा ठोकताळा दोघांनाही लागू आहे.

टायर तापतो तोही आतल्या वायूमुळे नाही. चाक फिरताना टायरचा खालचा भाग प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि पुन्हा सरळ होतो. रबराच्या या सततच्या दबण्या-उलगडण्यात उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आत रबर आणि दोरे यांची पकड सुटत जाते, आणि मग एखाद्या दुपारी तो फुटतो. चंद्रपूर, नागपूर, जळगावकडच्या मे महिन्यात डांबर पाय ठेवता येणार नाही इतकं तापतं हे खरंच. पण तिथेही कमी हवेचा टायर हाच पहिला बळी असतो. लोक नेमकं उलटं करतात. ‘ऊन आहे, हवा थोडी कमी ठेव’ असं सांगून दोन-चार पॉइंट उतरवतात. कृपा करून असं करू नका. गाडीच्या कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि दुपारी तो वाढणार हे धरूनच दिलेला असतो.

आता बरोबर असलेला भाग. तो ओलाव्याचा. साधी हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते तेव्हा तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं. टाकीला खाली एक छोटी चावी असते. ती रोज उघडून पाणी काढून टाकायचं असतं. सगळीकडे ते होतंच असं नाही. मग पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हवा भरताना नळीतून पाण्याचे बारीक थेंबही टायरमध्ये जातात. गाडी तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि कुकरमध्ये जसा वाफेचा दाब चढतो तसा हवेच्या दाबावर आणखी थोडा दाब चढतो. आत पाणी शिल्लक असेल तर ३० अंशांना बाष्पाचा वाटा सुमारे अर्ध्या पॉइंटचा असतो, ६० अंशांना तो तीन पॉइंटच्या जवळ जातो. शर्यतीच्या मोटरसायकलींसाठी हा फरक मोठा आहे. तिथे चालक पॉइंटच्या अंशांवर पकड शोधत असतो, म्हणून कोरडा नायट्रोजन किंवा खास कोरडी केलेली हवा वापरतात. त्यांना हवा असतो तो अंदाज बांधता येईल असा दाब, आणि तो कोरडेपणामुळे मिळतो.

आपल्यासाठी यातून घ्यायचं ते एवढंच, की हवा भरायची जागा निवडून घ्यावी. भरण्यापूर्वी नळीतली हवा क्षणभर कोरड्या फडक्यावर किंवा कागदावर सोडायला सांगा. डाग ओला उमटला तर टाकीतलं पाणी काढायला सांगा किंवा पुढच्या पंपावर जा. यात भांडण्यासारखं काही नाही. नीट सांगितलं की पंपावरची मुलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. घरचा पायपंप असेल तर हा प्रश्न जवळपास उरतच नाही, कारण त्याला पाणी साचवणारी टाकीच नसते.

तिसरा दावा गंजाचा. ऑक्सिजन आणि ओलावा आत नसेल तर रिम गंजत नाही आणि रबर आतून जुनं होत नाही. कागदावर हे बरोबर आहे. पण तारांच्या चाकात हवा ट्यूबमध्ये असते, तिचा रिमला स्पर्शच होत नाही. अशा रिमला गंज चढतो तो तारांच्या भोकांतून आणि टायरच्या कडेने शिरणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे. ॲलॉयची रिम ॲल्युमिनियमची, तिला लोखंडासारखा गंज चढत नाही. रबराचं म्हणाल, तर ऑक्सिजनने ते कडक होतं हे सिद्ध आहे, आणि पुन्हा पुन्हा रिट्रेड करून वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या ट्रकच्या टायरला त्याचा विचार करणं योग्यही ठरेल. दुचाकीचा टायर मात्र बाहेरून झिजून किंवा ऊन खाऊन आधी संपतो. बाहेरच्या बाजूला ऑक्सिजन आहेच, तो कोण काढणार?

मायलेजचा दावा तर चटकन निकालात काढता येतो. नायट्रोजन हवेपेक्षा जेमतेम तीन टक्क्यांनी हलका. दुचाकीच्या टायरमधला फरक ग्रॅममध्येसुद्धा नीट मोजता येणार नाही. मायलेज वाढलं असं ज्यांना वाटतं, त्यांचं ते बहुधा खरंच वाढलेलं असतं. दुकानदाराने नायट्रोजन भरताना बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा दाब बरोबर केलेला असतो, त्याचा तो परिणाम.

विमानात भरतात, मग आपण का नको?

हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून उडालेलं मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ विमान कोसळलं आणि १६७ जणांचा जीव गेला. उड्डाणाआधी ब्रेक अतिशय तापला होता. चाक पोटात घेतल्यावर टायर फुटला आणि त्याने इंधनाच्या व हायड्रॉलिकच्या नळ्या फोडल्या. त्या टायरमध्ये नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांतल्या वायूत ऑक्सिजन ५ टक्क्यांहून जास्त नसावा, असा आदेश काढला. विमानाचा ब्रेक शेकडो अंशांपर्यंत तापतो. त्या तापमानाला रबरातून ज्वलनशील वाफा सुटतात आणि आत ऑक्सिजन असेल तर स्फोट होऊ शकतो. दुचाकीच्या टायरला असा प्रसंग येत नाही. घाटात ब्रेक कितीही तापवले तरी येत नाही. (घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा तो ब्रेकसाठी, टायरमधल्या वायूसाठी नव्हे.)

आपल्याकडे ही समजूत आणखी पक्की झाली ती सरकारी चर्चेमुळेही. २०१९च्या जुलैमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत बोलताना टायरसाठी नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार मांडला होता. संदर्भ होता द्रुतगती मार्गांवर टायर फुटून होणाऱ्या अपघातांचा. तिथे मोठ्या वाहनांचे टायर तासन् तास शंभराच्या वेगाने धावतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या दोन्हींवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. त्या चर्चेवरून आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा निर्णय घेण्यात अर्थ नाही.

भरायचाच असेल तर

काही जणांना नायट्रोजन भरण्याचं सबळ कारण असतं. नवीन टायर घेताना दुकानदार फुकट भरून देतो. जवळच्या पंपावरची साधी हवा नेहमीच ओली असते. गाडी वर्षातले कित्येक महिने उभी असते. किंवा नुसतं मनाचं समाधान असतं, आणि त्यात गैर काही नाही. मग तो नीट भरून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी तो नीट भरला जातच नाही.

टायरमध्ये २५ पॉइंट साधी हवा आहे आणि तिच्यावर चार पॉइंट नायट्रोजन चढवला, तर आतलं नायट्रोजनचं प्रमाण ७८ वरून जेमतेम ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतं. पैसे पूर्ण, काम जवळपास शून्य. पिन काढून टायर पूर्ण रिकामा केला तरीही आत वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच, कारण टायरमध्ये पोकळी करता येत नाही. त्यावर ९५ टक्क्यांचा नायट्रोजन २९ पॉइंटपर्यंत भरला की प्रमाण होतं सुमारे ८९. पुन्हा रिकामा करून पुन्हा भरला की ९३. म्हणून ‘रिकामा करून दोनदा भरा’ असं स्पष्ट सांगा. ट्यूबलेस टायरची हवा पूर्ण सोडताना गाडी मधल्या स्टँडवर हवी, चाकावर भार नको, नाहीतर टायर रिमच्या कडेवरून सुटतो आणि मग साध्या नळीने तो पुन्हा बसत नाही. दुकानदाराला घाई असेल आणि तो तुमच्या भरलेल्या टायरवरच नळी लावत असेल, तर ते पैसे वाचवा.

यातच आणखी एक गंमत दडलेली आहे. साध्या हवेच्या टायरमधून ऑक्सिजन आधी निसटतो. तुम्ही दर पंधरा दिवसांनी त्यात हवा भरत राहिलात, तर काही महिन्यांत आतलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप वाढत जातं. ते ९५पर्यंत जाणार नाही, पण दिशा तीच.

पहिलं पंक्चर झालं की नायट्रोजनचा विषय तिथेच संपतो. रस्त्याकडेचा पंक्चरवाला साधीच हवा भरणार, आणि त्याने ती भरावीच. नायट्रोजनमध्ये साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही. दोन्हींत मुख्यत्वे नायट्रोजनच आहे. व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण असलेली हिरवी टोपी आहे म्हणून पुढे वीस किलोमीटरवर नायट्रोजनचं दुकान मिळेपर्यंत मऊ पडलेल्या टायरवर गाडी रेटणारे लोक मी पाहिले आहेत. मागे बायको, पुढे टाकीवर मूल. त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं की बाबा रे, समोरच्या पंपावर जी हवा मिळते ती भर आणि मग जा. नायट्रोजनचा सगळ्यात मोठा तोटा मला हाच वाटतो. तो माणसाला साध्या, फुकट, हाताशी असलेल्या हवेपासून लांब ठेवतो.

दाबाचं काय करायचं

आता ज्यात खरोखर जीव वाचतो त्या भागाकडे येतो.

आधी तुमच्या गाडीचा आकडा शोधा. तो चेनच्या झाकणावर, मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यावर किंवा स्कूटरच्या सीटखाली चिकटवलेला असतो. पुसला गेला असेल तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत सापडेल. टायरच्या कडेवर छापलेला आकडा आपला नव्हे. तो टायर जास्तीत जास्त किती दाब सोसेल त्याची मर्यादा असते. काही ठिकाणी दाब किलोत लिहिलेला असतो. एक किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय, म्हणजे दोन किलो म्हणजे २८च्या थोडं वर. बहुतेक गाड्यांना तीन आकडे असतात: पुढचं चाक, मागचं चाक एकट्यासाठी, आणि मागचं चाक डबल सीटसाठी. हा तिसरा आकडा आपल्याकडे जवळपास कुणी पाहत नाही. डबल सीट, वर गॅसची टाकी किंवा भाजीची पोती, आणि मागच्या टायरमध्ये एकट्यापुरती हवा, असं चित्र सगळीकडे दिसतं. अशाच टायरची कड आतून तुटत जाते.

पंपावर ‘दोन्हीत तीस’ हा सरसकट हिशेब चालतो. तो ऐकून घेऊ नका, आकडे तोंडाने सांगा. पुढच्या चाकात हवा जास्त झाली की गाडी हलकी पळते असं वाटतं, पण पावसात, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि वाळू पडलेल्या वळणावर ती पकड सोडते.

हवा सकाळी, गाडी किमान दोन-तीन तास उभी असताना तपासा. पंप घरापासून एक-दोन किलोमीटरवर असेल तरी चालेल, तेवढ्याने टायर फारसा तापत नाही. लांबून तापून आलेल्या टायरचा दाब जास्त दिसला तर ती हवा सोडू नका. तो दुपारी बरोबर केलेला दाब दुसऱ्या दिवशी पहाटे चार पॉइंट कमी भरेल. ऋतू बदलतानाही हेच घडतं. मे महिन्यात ४० अंशांना २९वर भरलेला टायर, एक कणही न झिरपता, डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे २५ दाखवतो. नाशिक, पुणे, विदर्भात थंडी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात हवा बघायची, हे लक्षात असू द्या.

स्वतःचा दाबमापक घ्या. पेनासारखा खिशात मावणारा किंवा घड्याळासारख्या तबकडीचा, दोन-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. पंपावरचा मीटर दिवसाला शेकडो गाड्यांना लागतो, आपटतो, उन्हात पडून राहतो. तुमचा मापक एखादा पॉइंट इकडे-तिकडे दाखवत असला तरी तो रोज सारखाच दाखवेल, आणि हवा उतरतेय की नाही हे कळायला तेवढं पुरतं. शक्य असेल त्याने पायपंप किंवा बॅटरीवरचा छोटा पंपही घ्यावा. वर्षभर नायट्रोजन भरत राहण्यापेक्षा हा खर्च मला कितीतरी पटींनी योग्य वाटतो, कारण घरी पंप असला की आठवड्याला एकदा हवा बघणं पाच मिनिटांचं काम होतं आणि ते खरोखर केलं जातं.

एक चाक दुसऱ्यापेक्षा भराभर उतरत असेल तर हवा भरत बसू नका, कारण शोधा. व्हॉल्व्हच्या तोंडावर थोडं साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करा किंवा बदला, फारच थोड्या पैशांचं काम आहे. बुडबुडा नसेल तर टायरभर आणि रिमच्या कडेला साबणपाणी फिरवा. व्हॉल्व्हवरचं टोपण नेहमी लावलेलं असावं. धूळ आणि चिखल त्या पिनेत जातो तो टोपण हरवल्यामुळेच. ट्यूबलेसमध्ये पंक्चर-रोधक द्रव टाकलेला असेल तर मोजण्याआधी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून दोन मिनिटं थांबा, नाहीतर तो द्रव मापकात शिरून मापक निकामी होतो.

टायरचं वयही याच वेळी पाहून ठेवा. कडेवर लांबोळ्या चौकटीत चार अंक असतात. २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४वा आठवडा. कडेला बारीक भेगा पडल्या असतील, किंवा नक्षीच्या खाचेतली झीज दाखवणारी पट्टी पृष्ठभागाला टेकली असेल, तर आत काय भरलंय हा प्रश्न बाजूला ठेवून टायर बदला.

लडाखला जाणारी मराठी तरुण मंडळी नायट्रोजनबद्दल हमखास विचारतात. समुद्रसपाटीवर भरलेला टायर लेहच्या सुमारे ३,५०० मीटर उंचीवर गेला की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे मापकावर साधारण पाच पॉइंट जास्त दिसतात. तिथली थंडी त्यातले तीन-चार परत खाते. नायट्रोजनलाही हे तसंच लागू आहे. तिथे पोहोचल्यावर रात्रभर उभ्या गाडीची हवा सकाळी मोजावी, तुमच्या गाडीच्या आकड्यावर आणावी, आणि परत उतरल्यावर पुन्हा भरावी. सोबत पायपंप, पंक्चरचं सामान आणि ट्यूबवाली गाडी असेल तर एक जादा ट्यूब असू द्या.

पावसाळाभर किंवा परदेशात असताना गाडी महिनोन् महिने झाकून ठेवणाऱ्यांना नायट्रोजन भरून घ्यायला माझी हरकत नाही. झिरपणं थोडं कमी होईल, आत ओल राहणार नाही. पण त्याहून जास्त उपयोग मधल्या स्टँडचा होतो. दोन्ही टायरमध्ये ठरलेल्यापेक्षा दोन-तीन पॉइंट जास्त भरा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी महिन्यातून एकदा चाकं थोडी फिरवायला सांगून ठेवा, म्हणजे टायरचा एकच भाग दबून सपाट होणार नाही. परत आल्यावर चालवण्याआधी दाब मोजा, आणि वाढवून ठेवलेले दोन-तीन पॉइंट उरले असतील तर ते सोडून आपल्या आकड्यावर आणा.